नव्या टेपवर विविध भारती का लागेना?

गाडी मारुती झेन, १९९७ ची, कार्ब्युरेटरवाली, एमएच ३१ म्हणजे नागपूर पासिंग. पहिल्यापासून एकच मालक: निवृत्त शिक्षक, राहायला त्रिमूर्तीनगरात. काटोलकडे संत्र्याची थोडी बाग आहे, त्यामुळे आठवड्यातून एखादी चक्कर काटोल रोडवर होते. बाकीचे दिवस गाडी गेटाच्या आत कव्हरखाली उभी. गाडी किती उभी राहते हे मी मुद्दाम आधी सांगतो, कारण तीनपैकी एक तक्रार त्यातूनच निघाली.

गाडीत मूळचा कॅसेटवाला टेप होता. कंपनीने दिलेला नव्हे. त्या काळी गाडी शोरूममधून निघाली की सरळ दुकानात जायची आणि टेप, स्पीकर, सीटकव्हर एकदमच बसवून घ्यायची रीत होती. मागच्या पार्सल ट्रेवर दोन अंडाकृती स्पीकर, पुढच्या दारांत दोन लहान. कॅसेटचा पट्टा तुटला, दुरुस्त करणारा मिळेना, तेव्हा पुण्याच्या मुलाने ऑनलाइन नवा स्टिरिओ मागवून दिला. ब्लूटूथ, यूएसबी, एफएम आणि एएम, सीडी नाही. शहरातल्या एका कार डेकोरच्या दुकानात तो अर्ध्या तासात बसला.

मग सर माझ्याकडे आले. माझं काम ऑटो इलेक्ट्रिकलचं. टेप विकत नाही, त्यामुळे टेप खराब आहे असं सांगण्यात माझा काही फायदाही नाही.

"भाऊ, टेप बदलला तेव्हापासून गाडी तीन दिवस उभी राहिली की सेल्फच नाही घेत," ही पहिली तक्रार. आवाज अर्ध्याच्या वर नेला की मागचे स्पीकर घरघरतात आणि दुपारच्या उन्हात तर टेप आपोआप बंद पडतो, ही दुसरी. तिसरी त्यांनी सर्वांत शेवटी सांगितली, पण राग तिचाच जास्त होता. "९१.१ लागते, ९३.५ लागते, ९४.३, ९८.३ सगळे लागते. एक विविध भारतीच काहून नाही लागत? आणि ५८५ वर तं नुसता खरखराट."

दुकानदाराने तिन्हींवर उपाय सांगून ठेवले होते. बॅटरी जुनी झाली, बदला. गाडी जुनी आहे, एवढा आवाज झेपणार नाही. अँटेना कमजोर आहे, बूस्टर लावा. सरांनी बॅटरी बदलली, बूस्टरही लावला. नवी बॅटरीसुद्धा तशीच उतरली. बूस्टरने खासगी स्टेशनं आणखी जोरात लागू लागली, विविध भारतीचं १००.६ मात्र नाहीच.

आधी रेडिओ, कारण त्याला पेचकस लागत नाही

तक्रार नीट ऐकली तर उत्तर तिच्यातच होतं. लागणारी स्टेशनं पाहा: ९१.१, ९३.५, ९४.३, ९८.३. दशांशानंतरचा आकडा प्रत्येक ठिकाणी विषम. न लागणारं एकच, १००.६, आणि त्याचा आकडा सम. अँटेना कमजोर असता तर त्याने सम-विषम पाहिलं नसतं.

अमेरिकेत एफएम स्टेशनं २०० किलोहर्ट्झच्या अंतराने असतात आणि सगळी विषम दशांशावर: ८८.१, ८८.३, ८८.५, असं १०७.९ पर्यंत. अमेरिकी सेटिंगवरचा असा टेप १००.५ वरून थेट १००.७ वर उडी मारतो. मधलं १००.६ त्याच्या हिशेबात अस्तित्वातच नाही. आपल्या चार खासगी स्टेशनांचे आकडे योगायोगाने विषम निघाले म्हणून ती लागत होती.

मध्यम लहरींचं, म्हणजे एएमचंही तसंच. आपल्याकडे आणि युरोपात स्टेशनं ९ किलोहर्ट्झच्या टप्प्यांवर असतात, अमेरिकेत १० च्या. नागपूर आकाशवाणीचा ५८५ हा आकडा नवाच्या पाढ्यातला, पासष्ट नवे. दहाच्या टप्प्याने जाणारा टेप ५८० वर थांबतो, नाहीतर ५९० वर. दोन्हीकडे पाच किलोहर्ट्झ बाजूला, म्हणून तो खरखराट.

टेप बंद ठेवून मेनूचं बटण दाबून धरलं, आत ट्यूनरच्या प्रदेशाचं सेटिंग सापडलं, ते अमेरिकेवरून युरोपवर आणलं. प्रत्येक कंपनीत हे वेगळ्या ठिकाणी असतं, काही टेपांत 'एरिया' नावाने, काहींत 'ट्यूनर स्टेप' म्हणून. बदलल्यावर साठवलेली स्टेशनं पुसली जातात, ती पुन्हा भरावी लागतात. एफएम आता ८७.५ पासून ५० किलोहर्ट्झच्या पावलांनी चालू लागलं आणि १००.६ लागलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग बूस्टरच्या डबीकडे पाहिलं. बूस्टर मी काढून टाकला. शहरात एफएमचा सिग्नल मुळातच दणकट असतो, त्याला आणखी फुगवण्यात अर्थ नाही, आणि एफएमसाठी बनवलेले काही स्वस्त बूस्टर मध्यम लहरींना उलट अडवतात.

मध्यम लहरींचा एवढा अट्टहास कशाला, असं तरुण गिऱ्हाईक विचारतात. काटोल रोडने जाऊन पाहा. एफएमच्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात, मनोरा मागे पडत गेला की आवाज विरत जातो. ५८५ वरचं नागपूरचं प्रक्षेपण ३०० किलोवॅटचं, आणि मध्यम लहरी जमिनीला धरून लांबवर जातात. बागेत बसून शेतीचा कार्यक्रम आणि बातम्या ऐकणाऱ्या माणसाला तेच लागतं. आजकालच्या मोठ्या स्क्रीनच्या अँड्रॉइड टेपांत एएम बऱ्याचदा नसतंच, असलं तर नावापुरतं. मुलाने सरांसाठी तो न घेता साधा एक डिनचा टेप घेतला, हे माझ्या मते उत्तम झालं. एक डिन म्हणजे १८० बाय ५० मिलिमीटरचं तोंड, आणि या झेनचा खाचा नेमका तेवढाच आहे. नऊ इंची स्क्रीन बसवायला डॅश कापावा लागतो. एवढ्या जुन्या गाडीचा डॅश कापला की परत तसा मिळत नाही.

५८५ लागलं, पण इंजिन चालू करताच त्यावर टकटक सुरू झाली. तिच्याकडे नंतर येतो.

बॅटरी

बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवली, मल्टिमीटर दहा अँपिअरवर ठेवून मध्ये जोडला, दारं बंद, चाबी काढलेली, टेप बटणाने बंद. मीटरवर ०.२८ अँपिअर. टेपचा फ्यूज उपसला तर आकडा जवळपास शून्यावर आला.

०.२८ गुणिले २४ म्हणजे दिवसाला सुमारे ६.७ अँपिअर-अवर. झेनची बॅटरी ३५ ची. तीन दिवसांत वीस गेले, म्हणजे निम्म्याहून जास्त. त्यावर सेल्फ फिरत नाही यात नवल नाही, आणि बॅटरी कितीही नवी आणली तरी हिशेब तोच राहतो. उलट अशी वारंवार उतरून नवी बॅटरीही लवकर मरते.

टेप बाहेर ओढला तेव्हा कारण समोर आलं. नव्या टेपला दोन वेगळ्या पुरवठ्याच्या तारा असतात. पिवळी कायम बॅटरीवर, तिच्यावर घड्याळ आणि स्टेशनांची आठवण टिकते. लाल चाबीवर, ती टेपला सांगते की गाडी आता चालू आहे, जागा हो. दुकानदाराने दोन्ही पिळून एकत्र केल्या होत्या आणि कायम चालू असलेल्या एका तारेला बांधल्या होत्या. म्हणजे टेपच्या दृष्टीने गाडी कधी बंदच झाली नाही. बटणाने पडदा विझला तरी आतला मेंदू जागा.

दुकानदाराने असं का केलं असावं हे समजण्यासारखं आहे. खाचात एकच पुरवठ्याची तार होती. जुन्या कॅसेट टेपला आठवण नव्हती, गोल बटण फिरवलं की चालू, उलट फिरवलं की आतला स्विच पूर्ण तोडलेला. त्याला एका तारेने भागायचं. नवा टेप दोन मागतो आणि गाडीत एकच आहे, घाईत असलेला माणूस दोन्ही तिला बांधून मोकळा होतो. त्याने ती एक तार चाबीवरची निवडली असती तर बॅटरी वाचली असती, पण दर वेळी चाबी काढली की घड्याळ शून्यावर आणि स्टेशनं गायब.

लाल तारेसाठी मी लायटरच्या पुरवठ्यातून फाटा घेतला. टेस्ट लॅम्प लावून पाहिलं: चाबी काढल्यावर विझतो, अॅक्सेसरीवर लागतो, सेल्फ मारताना क्षणभर विझतो. तो शेवटचा क्षण बरोबरच आहे. सेल्फच्या वेळी टेप बंद होऊन परत लागतो, ते बिघाडाचं लक्षण नव्हे. पिवळीसाठी बॅटरीपासून नवी अडीच चौरस मिलिमीटरची तार ओढली, बॅटरीला लागूनच वेगळा फ्यूज, आणि फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि डॅशमधल्या पत्र्याच्या, भोकात तार घासू नये म्हणून रबरी ग्रोमेट. टेपच्या पाठीवर फ्यूज असतोच, मग बॅटरीजवळ आणखी कशाला, हा प्रश्न मला नेहमी येतो. टेपवरचा फ्यूज टेपला वाचवतो. बॅटरीपासून डॅशपर्यंतची तार कुठे घासून बॉडीला टेकली तर त्या फ्यूजला कळतही नाही, तार पेटते.

पुन्हा मोजलं: ०.०१२ अँपिअर. आता महिनाभर गाडी उभी राहिली तरी जेमतेम नऊ अँपिअर-अवर जातील.

सांधे सगळे सोल्डरचा डाग देऊन, वर उष्णतेने आकसणारी नळी चढवून. काळी टेपपट्टी नागपुरात दोन उन्हाळे टिकत नाही. ४५ अंशांत उभ्या गाडीच्या डॅशच्या आत तिचा गोंद पातळ होऊन वाहतो, पट्टी सुटून लोंबते, आणि मग उघडी तार कशाला टेकेल ते सांगता येत नाही. या गाडीत १९९७ च्या सांध्यांवर नुसती काळी चिकट राळ उरली होती.

घरघर, आणि नव्या गाण्यांवरचा आळ

या तक्रारीत मला सर्वांत जास्त रस होता, कारण सरांनी सांगता सांगता एक गोष्ट जोडली. "जुनी गाणी बरी वाजते. बातम्याही बऱ्या वाजते. ही आजकालची गाणी लागली की घरघर. रेकॉर्डिंगच खराब करून राहिले असतील."

रेकॉर्डिंगचा दोष नव्हता, पण त्यांचं निरीक्षण पक्कं होतं. जुनी गाणी मोनो, बातमी वाचणाऱ्याचा आवाज मोनो. डावीकडे आणि उजवीकडे तंतोतंत एकच. नवीन गाणी स्टिरिओ, दोन्हीकडे वेगळं. घरघर फक्त डावं-उजवं वेगळं असताना येते, म्हणजे दोन्ही बाजू कुठेतरी एकमेकींना भिडल्या आहेत.

डिक्कीत पाहिलं. मागच्या दोन स्पीकरना चार तारा हव्यात, तिथे पुढून आलेल्या तारा तीनच. डाव्याची पॉझिटिव्ह, उजव्याची पॉझिटिव्ह, आणि दोघांची निगेटिव्ह सामायिक. ती सामायिक तार वर डिक्कीच्या पत्र्याला स्क्रूने कसलेली.

कॅसेटच्या काळात हे चालायचं. त्या वर्गातल्या साध्या टेपांचं आउटपुट एकतर्फी असे: एका तारेतून आवाज जायचा, परतीची वाट बॉडीतून. बॉडी सगळीकडे आहेच, मग तार वाचवा. अशा जोडणीतून चार ओहमच्या स्पीकरला सहा वॅटच्या आसपास मिळायचे आणि कोणाची तक्रार नसायची.

आजच्या टेपात असं चालत नाही. त्यात प्रत्येक स्पीकरसाठी दोन अँप्लिफायर समोरासमोर काम करतात, एक तार वर ढकलतो तेव्हा दुसरा खाली ओढतो. त्याला ब्रिज जोडणी म्हणतात. टीडीए ७३८८ सारख्या, अशा टेपांत नेहमी दिसणाऱ्या आयसी, म्हणजे अँप्लिफायरच्या चिप, याच पद्धतीच्या. इथे स्पीकरची 'निगेटिव्ह' म्हणवणारी तारसुद्धा जिवंत असते. गाणं थांबवून मीटरचं एक टोक बॉडीला आणि दुसरं स्पीकरच्या कोणत्याही तारेला लावा, सहा व्होल्टच्या आसपास दिसतील, काळा पट्टा असलेल्या (निगेटिव्ह) तारेवरही आणि बिनपट्ट्याच्याही. बॅटरीच्या व्होल्टेजच्या निम्मे.

दुकानदाराने हिरवी-काळी आणि जांभळी-काळी या मागच्या दोन निगेटिव्ह एकत्र करून त्या सामायिक तारेला जोडल्या होत्या. त्यातून दोन गोष्टी झाल्या. दोन्ही बाजूंचे अँप्लिफायर एकमेकांना जोडले गेले. दोघांवर सारखंच गाणं असेल तोवर भांडण नाही, वेगळं आलं की दोघं एकमेकांविरुद्ध ढकलत राहतात, आवाज जितका मोठा तितकी झटापट मोठी. शिवाय ते सहा व्होल्ट डिक्कीच्या स्क्रूतून सरळ बॉडीत वाहत होते, गाणं असो वा नसो. आयसी सतत तापलेली, आणि मे महिन्यात डॅशच्या आत आधीच भट्टी. ठरावीक तापमानाला ती स्वतःला बंद करते, थंड झाली की परत लागते. सर सांगत होते ते दुपारचं बंद पडणं हेच.

एवढं होऊनही आयसी जळली कशी नाही? या आयसींना संरक्षण असतं हे खरं, पण इथे गंजानेही हात दिला. डिक्कीतला स्क्रू इतका गंजला होता की मीटर कधी आठ ओहम दाखवी, कधी पंधरा. म्हणून प्रवाह अर्ध्या-पाऊण अँपिअरवर अडून राहिला. एखाद्या होतकरू माणसाने तो स्क्रू घासून चकाचक कसला असता तर मागचे दोन्ही स्पीकर त्याच क्षणी मुके झाले असते.

उपाय सोपा, मेहनत जास्त. सीट आणि सिलच्या पट्ट्या काढून मागच्या दोन्ही स्पीकरना जोडीच्या स्वतंत्र नव्या तारा टाकल्या. टेपला जोडण्याआधी प्रत्येक स्पीकरचं प्रत्येक टोक बॉडीशी तपासलं, मीटरने कुठेच वाट दाखवता कामा नये. स्पीकरच्या दोन टोकांत साडेतीन ओहमच्या आसपास दिसायला हवं, तसं दिसलं. पुढच्या दारांतल्या जोड्या सुदैवाने पहिल्यापासून वेगळ्या होत्या. जुन्या गाडीत नवा टेप बसवणाऱ्याने दुसरं काही नाही तर एवढी तपासणी करावी. पाच मिनिटं लागतात.

'गाडीला एवढा आवाज झेपणार नाही' या दुकानदाराच्या वाक्याबद्दल थोडं. खोक्यावर '५० वॅट × ४' छापलेलं असतं आणि लोक घाबरतात किंवा हरखतात. इंजिन चालू असताना गाडीत १४.४ व्होल्ट धरा. त्याचा वर्ग भागिले चार ओहम, सुमारे ५२. छापलेला आकडा इथून येतो, आणि तो मिळतो आउटपुट पूर्ण ठोकून चौकोनी केल्यावर, म्हणजे ऐकवणार नाही अशा आवाजात. स्वच्छ आवाज प्रत्येक स्पीकरला वीस वॅटच्या आसपास. झेनच्या अल्टरनेटरला त्यात काही अवघड नाही.

टकटक

राहिली ५८५ वरची टकटक. इंजिन बंद असताना नाही, चालू असताना आहे, आणि रेस दिली की वेग वाढतो. अल्टरनेटरचा आवाज शिट्टीसारखा चढत जातो, हा तुटक होता. म्हणजे प्लगची ठिणगी.

प्लगना हात लावण्याआधी टेपच्या पाठीचा अँटेनाचा प्लग उपसला आणि टेप बंद पडला. अँटेना काढल्यावर रेडिओ मुका व्हावा, अख्खा टेप विझायचं कारण नाही. टेपची काळी अर्थिंगची तार रंग लावलेल्या पट्टीवर कसली होती, रंगामुळे ती कशालाच टेकत नव्हती, आणि टेप आपला सगळा प्रवाह अँटेनाच्या केबलच्या जाळीतून बॉडीला परत पाठवत होता. ज्या वाटेने नाजूक सिग्नल यायचा तीच वाट. काळी तार डॅशमागच्या पत्र्याला रंग खरवडून कसली. पूर्ण आवाजात त्या जोडाच्या दोन बाजूंतला फरक मोजला, ०.१ व्होल्टच्या खूप खाली. अँटेनाच्या बुडाखालचा गंजही घासला.

टकटक निम्म्याने कमी झाली. उरलेली प्लगमध्ये होती. कोणत्या तरी सर्व्हिसिंगमध्ये विनारेझिस्टरचे, म्हणजे ठिणगीचा रेडिओवरचा त्रास न दाबणारे, प्लग लागले होते. एनजीकेच्या क्रमांकात बीपी नंतर आर असेल तर आत रेझिस्टर असतो, यांच्यावर तो नव्हता. रेझिस्टरवाले प्लग आणि कार्बन गाभ्याच्या नव्या एचटी लीड, म्हणजे प्लगपर्यंत जाणाऱ्या तारा, टाकल्या. इंजिन चालू ठेवून ५८५ आता स्वच्छ लागतं. लायटरमधला स्वस्त मोबाइल चार्जर लावला तर बारीक सूं येतो. चार्जर बदला म्हणून सांगितलं, त्यांनी तो काढून खिशात टाकला.

पुढच्या डाव्या दाराच्या स्पीकरचा कागद कडेने फाटला आहे, जास्त आवाजात तो फडफडतो. तो अजून बदललेला नाही, सर म्हणाले दिवाळीला पाहू. उच्च दाबाच्या तारांखालून गाडी गेली की ५८५ वर गुरगुर येते, त्याला टेपच्या बाजूने इलाज नाही, हेही सांगून ठेवलं. ब्लूटूथचा माइक टेपच्या तोंडावरच आहे, एसीचा पंखा जोरात असला की पुण्याच्या मुलाला वडिलांचं बोलणं तुटक ऐकू येतं. बाहेरचा माइक लावायला टेपच्या मागे भोक आहे आणि स्टिअरिंगच्या खांबापर्यंत तार मी टाकून ठेवली आहे. माइक मुलगाच पाठवणार आहे.